'चाकुशिन' आणि पहिल्या वर्षाचं पोर

'एक जपानीप्रेमी' यांस,

जपानी तांत्रिक भाषांतरावरच्या माझ्या लेखात मी 'चाकुशिन' या शब्दाला 'टर्मिनेशन' लिहिलं, त्यावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली, तिसऱ्यांदा चहा घेऊन. आधी चूक कबूल करतो: पीएचएस फोन (जपानमधले स्वस्त, छोट्या टप्प्याचे मोबाइल) १९९५ साली आले, १९९९ हे आय-मोडचं, म्हणजे तिथल्या मोबाइल इंटरनेट सेवेचं साल. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता आपलं ते वाक्य. "चाकुशिन म्हणजे इनकमिंग कॉल हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं, 'टर्मिनेशन' लिहून विद्वत्ता कशाला पाजळायची?"

पाजळायची! समोर बसून हा शब्द वापरला असतात? जपानी शिकायला पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या मी झिजवल्या तेव्हा तांत्रिक शब्दकोशाची झेरॉक्स तिघांत फिरायची. चोवीस वर्षं याच कामावर घर चाललंय. असो.

पहिल्या वर्षाच्या पोराला काय कळतं ते मी सांगतो, कारण ते पोर मीच होतो. दोन टेलिफोन कंपन्यांमधला करार होता, 'सेत्सुझोकुर्यो'चा, म्हणजे एकमेकींचं जाळं वापरल्याबद्दल द्यायच्या आकाराचा. मी ऐटीत सगळीकडे 'इनकमिंग कॉल' ठोकलं. जपानमधल्या कावासाकीहून पानं परत आली, समासात लाल शाईत एकच प्रश्न: "कुठे इनकमिंग?" मधल्या एक्स्चेंजमध्ये शिरणारा प्रत्येक कॉल इनकमिंगच की! पण तो तिथे मुक्काम करत नाही, पुढच्या एक्स्चेंजला जातो. टर्मिनेट होतो तो ज्या कंपनीच्या ग्राहकाची घंटी वाजते तिथे, आणि आकार मिळतो तो त्या कंपनीला. 'चाकु' म्हणजे पोहोचणं. कॉल पोहोचला कुठे, यावर करारातल्या तक्त्यातला पैसा ठरत होता. एकोणचाळीस पानं रात्रभर बसून बदलली. वर "टर्मिनेशन म्हणजे कॉल तुटणं, असंच कुणालाही वाटेल" असं आपण म्हणता. 'कुणालाही' वाटेल हो, पण करार 'कुणीही' वाचत नाही.

हँडसेटच्या मेन्यूत 'चाकुशिन' म्हणजे इनकमिंग कॉल आणि 'चाकुशिन-ओन' म्हणजे रिंगटोन, हे मला ठाऊक नसेल असं खरंच वाटलं आपल्याला? लेखातलं उदाहरण मेन्यूचं होतं, हे खरं. पण रोख करारांकडे होता. नीट वाचणाऱ्याच्या ते लक्षात आलं असतं.

बाकी 'शुयो'ला (सामावून घेणं) सरसकट 'अकोमोडेट' चालत नाही, 'फुकुसो' म्हणजे टेलिफोनवाल्यांचं काँजेशन (लाइनींवरची गर्दी) पण डोळ्यांच्या डॉक्टरांचं कन्व्हर्जन्स (दोन्ही डोळे आत वळणं), वगैरे आपले मुद्दे. असतील. एकेकात शिरलो तर दुसरा लेख होईल, आणि त्यावरही आपली प्रतिक्रिया येईल.

शेवटी आपण जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू, म्हणजे वरून दुसरी पातळी पास असल्याचं कळवलंत. अभिनंदन. २०१० च्या आधी त्या परीक्षेला एन-बिन काही नव्हतं. तेव्हाची सगळ्यात वरची पातळी, इक्क्यू, मी पास झालो. दुसऱ्या खेपेला, पण झालो.