न दिसणाऱ्या उजेडाची खरेदी

नारळ कानाशी हलवून घ्यावा आणि मडके वाजवून घ्यावे, एवढे व्यवहारज्ञान मला आहे. परंतु ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा दोन वॉटचा लेसर डायोड, म्हणजे विजेवर लेसर किरण सोडणारा चिमुकला भाग, कसा पारखून घ्यावा, हे मला कोणत्याही वडीलधाऱ्याने शिकवलेले नाही. घरच्या घरी हिरवा लेसर तयार करण्याची माझी हौस आहे, आणि त्यासाठी आधी या डायोडचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश विकत घ्यावा लागतो. हा प्रकाश निओडिमियमयुक्त व्हॅनाडेटच्या स्फटिकात शिरतो, तिथून १०६४ नॅनोमीटरचा होऊन बाहेर पडतो आणि केटीपीच्या स्फटिकात त्याची तरंगलांबी निम्मी झाली, की ५३२चा हिरवा किरण मिळतो. पत्नीच्या मते दुकानात तयार हिरवे लेसर मिळत असताना हा द्राविडी प्राणायाम करण्याचे कारण नाही. तिचे बरोबर आहे, म्हणूनच मी त्या विषयावर चर्चा टाळतो.

मुंबईत असल्या वस्तूंसाठी लॅमिंग्टन रोडला जायचे, हा शिरस्ता आहे. पहिल्या दुकानदाराने टीव्हीच्या रिमोटमधला आयआर (अवरक्त) एलईडी समोर ठेवला आणि "साहेब, हाच घ्या, सगळे हाच नेतात," असे सांगितले. दुसऱ्याने मात्र डबा उघडून, स्क्रू आणि फ्यूज यांच्यातून एक खरा डायोड दोन बोटांनी उचलला. ही जात स्थिर विद्युतेच्या एका ठिणगीनेही कामातून जाते, म्हणून तिच्या पिना तारेने एकमेकींना जोडून, काळ्या अँटिस्टॅटिक पाकिटात ठेवण्याची पद्धत आहे. येथे दुकानदार नायलॉनचा शर्ट घालून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, त्याच पिनेने पाकिटावरचे लेबल खरवडत होता. "चालू आहे का?" असे मी विचारले. "चेक करून ठेवलाय," तो म्हणाला. कसा चेक केला, यावर तो म्हणाला, "मल्टिमीटर लावून!" जुन्या कॉपियरमधून काढलेल्या कुठल्याही डायोडबद्दल मल्टिमीटर हीच ग्वाही देतो, कारण त्याला उजेडाशी काही देणेघेणे नसते.

मग परदेशातून मागवणे आले. तिथल्या जाहिरातींत वॉट या एककाला विलक्षण लवचीकपणा असतो. डायोड जेवढी वीज खातो, त्यातली साधारण निम्मी उष्णतेत जाते. पण विक्रेता खाल्लेली वीज छापतो आणि ग्राहकाला ती प्रकाशाची वाटते. शिवाय ८०८ हा आकडाही पक्का नसतो. तापमान एका अंशाने वाढले, की तरंगलांबी सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते, आणि स्फटिक तर आपल्या आवडीच्या तरंगलांबीबाबत अतिशय सोवळा असतो. १९६२ साली रॉबर्ट हॉल यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पहिला अर्धसंवाहक लेसर चालवला, तोही अवरक्तच होता, आणि द्रवरूप नायट्रोजनने गारठवलेला होता. आमच्याकडे मे महिन्यात पंखासुद्धा गरम वाराच देतो.

पार्सल कस्टम्समध्ये अडकले, तेव्हा कुरियरवाल्यांनी ओळखपत्रासोबत वापराचा हेतू विचारला. त्यांच्या यादीत 'औद्योगिक', 'वैद्यकीय' आणि 'शैक्षणिक' हे पर्याय होते, 'हौस' नव्हता. शेवटी मी पत्र लिहून दिले, आणि ते वाचणाऱ्या गृहस्थांनी फोनवर अत्यंत आदराने, "म्हणजे हा लाइट लागतो, पण दिसत नाही?" असे विचारले. मी हो म्हणताच त्यांनी बराच वेळ फोन होल्डवर ठेवला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र चष्म्याने घेतला. अर्ध्या वॉटच्या वरचा लेसर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, वर्गात मोडतो आणि त्याचे भिंतीवरून परतलेले तेजही डोळ्याला घातक ठरू शकते. झगझगीत उजेडाला डोळा पाव सेकंदात मिटतो, पण इथे मिटायला त्याला काही दिसतच नाही. ८०८चा झोत फार तर मिणमिणता लाल भासतो आणि निरुपद्रवी वाटतो, हा त्याचा खरा कावा. हिरव्या लेसरसाठीचा नारिंगी चष्मा या झोताला खुशाल आत सोडू शकतो. म्हणून ८०८ अडवण्याची क्षमता छापलेला, प्रमाणित चष्मा शोधावा लागला आणि तो डायोडहून महाग पडला. "दोन हजारांत प्रोग्रेसिव्ह नंबरचा येतो की," असे पत्नीने सुचवून पाहिले.

डायोड अखेर घरी आला. खोलीचे दार लावून, चष्मा चढवून मी विद्युतप्रवाह हळूहळू वाढवला. समोरच्या काळ्या कागदावर काहीही दिसत नव्हते आणि विक्रेत्याला पाठवायच्या तक्रारीचा मसुदा मनात तयार होत होता. तेवढ्यात दाराबाहेरून आईचा आवाज आला, "अरे, काहीतरी जळतंय बघ! लागला का तुझा दिवा?"