वायपर बंद केल्यावर काय घडते? एका संदेशाचा प्रतिवाद

पावसाचे दिवस जवळ आले की मोटारीच्या वायपरविषयीचा एक संदेश हातोहात फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: वायपर म्हणजे एक मोटर आणि एक बटण, बाकी काही नाही. मोटर उलटसुलट फिरते म्हणून पाती ये-जा करतात. वेग कमी हवा असेल तेव्हा वाटेत रेझिस्टर, म्हणजे वीज अडवून धरणारा भाग, लागतो. पाती काचेवर मध्येच थांबू लागली की मोटर कमजोर झाली असे समजून ती बदलावी. वायपर मंदावला तर दोष बॅटरीचा. फ्यूज वारंवार उडत असेल तर वरच्या अँपिअरचा घालावा. आणि वॉशरचे पाणी येत नसेल तर पंप जळाला. संदेश सुटसुटीत आहे आणि ठामपणे लिहिलेला आहे. मात्र त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि त्यातल्या एका सल्ल्यापायी गाडीला आगही लागू शकते.

मोटर उलटसुलट फिरते, हे पहिले विधान. बहुतेक गाड्यांत मोटर एकाच दिशेने फिरत असते. तिच्या आसावर कोरलेले मळसूत्र एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते, त्यामुळे वेग अनेक पटींनी घटतो आणि जोर तेवढाच वाढतो. त्या चाकाच्या आसावर बाहेरच्या बाजूने एक आखूड भुजा बसवलेली असते आणि तिला लिंकेजच्या, म्हणजे मोटरची हालचाल पात्यांपर्यंत पोचवणाऱ्या, दांड्या जोडलेल्या असतात. भुजेचा एक पूर्ण फेरा झाला की पाते एकदा वर जाऊन परत येते. अलीकडच्या काही गाड्यांत खरोखरच दिशा बदलणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरी असतात, हे मान्य केले पाहिजे. पण तो प्रकार गृहीत धरून सरसकट विधान करता येत नाही.

रेझिस्टरचा मुद्दा अधिक रंजक आहे. कायमस्वरूपी चुंबक वापरणाऱ्या नेहमीच्या वायपर मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश दोनऐवजी तीन असतात. एक अर्थचा (गाडीच्या सांगाड्यामार्गे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेला), दुसरा त्याच्या बरोबर समोर बसवलेला कमी वेगाचा, आणि तिसरा समोरच्या जागेपासून थोडा सरकवलेला, जास्त वेगाचा. फिरणारी मोटर स्वतःही वीज निर्माण करत असते आणि हा उलटा विद्युतदाब (व्होल्टेज) बॅटरीच्या दाबाला विरोध करतो. वीज तिसऱ्या ब्रशमधून गेली की विरोध करणारी वेटोळी कमी पडतात आणि तेवढाच विरोध उभा राहीपर्यंत मोटरला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणजे कमी वेगाच्या वेळी कोणतीही वीज रेझिस्टरमध्ये तापून वाया जात नाही. उलट जास्त वेगाला मोटर अधिक करंट ओढते आणि तिचा जोरही घटतो, म्हणून काच अर्धवट कोरडी असताना पाती अडखळत असतील तर वेग वाढवण्यात काही हशील नसते. चुंबकाऐवजी तारेची वेटोळी असलेल्या काही जुन्या मोटरींत रेझिस्टर असे. पण गंमत म्हणजे तो चुंबकीय क्षेत्र दुबळे करून वेग वाढवण्याच्या कामी येई.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मध्येच थांबणाऱ्या पात्यांचा. आपण बटण कोणत्याही क्षणी बंद करतो, पाते तेव्हा काचेच्या मध्यावर असते, तरीही ते उरलेला प्रवास पुरा करून खालच्या कडेशी जाऊन मगच थांबते. निव्वळ मोटर आणि बटण एवढेच असते तर हे घडलेच नसते. याचे उत्तर मोटरच्या गिअरच्या झाकणाखाली आहे. एक जुनी मोटर मी टेबलावर उघडून पाहिली होती. झाकण काढले, काळपट ग्रीस पुसले, तेव्हा दातेरी चाकाच्या पाठीवर बसवलेली तांब्याची चकती दिसली. चकतीच्या कडेला एक खाच होती आणि झाकणातून आलेल्या तीन लवचीक पट्ट्या चकतीला टेकत होत्या. हाच पार्क स्विच. तो चालक दाबत नाही. मोटरच आपल्या फिरण्याने तो उघडझाप करत असते.

बटण बंद करताना चालक खरे तर वीज तोडत नाही, तो कमी वेगाच्या ब्रशची तार पार्क स्विचच्या हवाली करतो. पाते आपल्या जागी पोचलेले नसेल तोवर ही चकती त्या तारेला बारा व्होल्ट पुरवत राहते आणि मोटर चालूच असते. पाते जागेवर आले की खाच पट्टीखाली येते, पुरवठा तुटतो, आणि त्याच क्षणी ती तार अर्थला जोडली जाते. आता मोटरची दोन्ही टोके अर्थवर असतात. वेगात असलेली मोटर जनित्रासारखी वागते, तिची स्वतःची वीज तिच्यातच लघुमंडलित (शॉर्ट) होते आणि ती जागच्या जागी थबकते. ब्रेकसाठी वेगळा कोणताही भाग नसतो. यंत्ररचनेतला हा तुकडा मला सर्वांत देखणा वाटतो आणि संदेशात नेमका तोच गाळलेला आहे.

एवढे कळले की दोषाची लक्षणे स्वच्छ वाचता येतात. बटण बंद करताच पाती जिथल्या तिथे थांबत असतील, पण चालू असताना दोन्ही वेग व्यवस्थित असतील, तर मोटर ठणठणीत आहे. पार्क स्विचला येणारा पुरवठा तुटला आहे किंवा पट्ट्यांवर मळ चढला आहे. पाती जागेवर न थांबता पुढे सरकून आणखी एक फेरी मारत असतील, तर अर्थकडचा ब्रेकचा मार्ग तपासावा. थांबून थांबून पुसण्याच्या टप्प्यावर पाती नुसती दचकल्यासारखी हलत असतील, तर तिथेही संशयित पार्क स्विचच, कारण रिले (विजेने उघडझाप होणारा छोटा स्विच) मोटरला फक्त छोटासा धक्का देतो आणि उरलेला फेरा हा स्विच पुरा करून देतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. अनेक गाड्यांत हा पुरवठा किल्लीच्या मार्गे येतो, त्यामुळे वायपर चालू असतानाच किल्ली बंद केली तर पाती मध्येच थांबणार. तो बिघाड नव्हे.

या थांबून चालण्याच्या सोयीचा इतिहासही छोटा नाही. रॉबर्ट कर्न्स या अमेरिकी अभियंत्याने १९६४ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६७ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि फोर्ड कंपनीशी चाललेला त्याचा दावा १९९० मध्ये सुमारे एक कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा भाग) भरायला लागणाऱ्या वेळावर दोन फेऱ्यांमधली विश्रांती बेतण्याची ती कल्पना होती.

वायपर मंदावला की बॅटरी दोषी, हे विधानही टिकत नाही. इंजिन चालू असताना आल्टरनेटर (इंजिनवर फिरणारे जनित्र) सुमारे चौदा व्होल्ट देत असतो. बॅटरी त्या वेळी वीज देत नसते, घेत असते. मंदपणाची नेहमीची कारणे दोन: अर्थची गंजलेली जोडणी आणि लिंकेजच्या वंगण सुकलेल्या खुंट्या. पहिल्याची खातरजमा मल्टिमीटरने मिनिटभरात होते. वायपर चालू ठेवून मोटरची अर्थची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्ट मोजावेत. आकडा शून्याच्या आसपास, फार तर एक-दोन दशांश असावा. तिथे एक-दीड व्होल्ट दिसला तर मोटरला तेवढा दाब कमी मिळतो आहे. दुसऱ्यासाठी दांड्या मोटरपासून सोडवून पाती हाताने हलवून पाहावीत. याच वेळी लिंकेजचा प्लास्टिकचा बुश (दांड्यांच्या सांध्यातले कडे) निखळलेला आढळला तर मोटर बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. मोटरचा आवाज येतो पण पाती हलत नाहीत, ही त्याची खूण.

फ्यूजविषयीचा सल्ला मात्र निव्वळ धोकादायक आहे. फ्यूज मोटरच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो आणि त्याचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो. पाती काचेला चिकटली किंवा लिंकेज अडकले की मोटर फिरू शकत नाही, उलटा दाब निर्माण होत नाही आणि करंट कित्येक पटींनी चढतो. अशा वेळी २० अँपिअरचा पिवळा फ्यूज काढून ३० अँपिअरचा हिरवा बसवला तर वितळण्याची पाळी डॅशबोर्डमागच्या तारेच्या आवरणावर येते. उडालेला फ्यूज काय अडकले आहे ते शोधायला सांगत असतो.

उरला वॉशर. बटण दाबल्यावर टाकीजवळून घरघर ऐकू येत असेल तर पंप जिवंत आहे. नोझलमध्ये कचरा, टाकीतली तुंबलेली जाळी किंवा सुटलेली नळी शोधावी. आवाजच नसेल तर कनेक्टर काढून, कोणी बटण दाबत असताना तिथे बारा व्होल्ट येतात का, हे आधी पाहावे. व्होल्ट आणि अर्थ दोन्ही येत असूनही पंप गप्प असेल तरच तो बदलावा. पंपाला थंडावा आणि वंगण पाण्यामुळेच मिळते, म्हणून रिकाम्या टाकीवर बटण दाबत राहू नये. आणि संदेशकर्त्याला उलटसुलट फिरणारी मोटर हवीच असेल तर ती इथे सापडेल: मागच्या काचेलाही वॉशर असलेल्या अनेक गाड्यांत एकाच पंपाला दोन तोंडे असतात, तो एका दिशेने फिरला की पाणी पुढे जाते आणि तारांची धन-ऋण टोके उलटून फिरवला की मागे. म्हणूनच तारा जोडताना अदलाबदल झाली तर पुढचे बटण दाबल्यावर मागची काच भिजते.