+५:३० म्हणजे टाइमझोन नव्हे

अ‍ॅप बनवणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो. तो थोडक्यात असा: "यूजरचा टाइमझोन काढायला लायब्ररी लागत नाही. फोनकडून यूटीसी ऑफसेट (जागतिक प्रमाण वेळेपासूनचं अंतर) घ्या, लॉगिनच्या वेळी एकदा सर्व्हरला पाठवा आणि टेबलात ठेवून द्या. नाव हवं असेल तर आयएसटी, पीएसटी अशी तीन अक्षरं घ्या. तेही नको असेल तर फोनच्या लोकेलवरून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) देश ओळखा. तारखा यूटीसीत ठेवल्या की प्रश्न मिटला."

अँड्रॉइड आणि आयओएसवर नेटिव्ह कोड लिहिताना लायब्ररी लागत नाही, हे खरं. बाकीचं बहुतेक चुकीचं आहे. तरी आपल्याकडे ते खपतं, कारण पुण्यात बसून चाचणी केली तर सगळं बरोबर दिसतं. भारतात झोन एकच आहे आणि घड्याळ वर्षात कधी पुढेमागे होत नाही. ही चूक सापडायला यूजर देशाबाहेरचा लागतो.

"ऑफसेट आणि टाइमझोन एकच."

ऑफसेट म्हणजे या क्षणी यूटीसीपासून असलेलं अंतर. ते अंतर कधी आणि किती बदलतं याचे नियम झोनमध्ये असतात. जुलैत अमेरिकेतल्या फिनिक्स आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडे −७ असतं. डिसेंबरात लॉस एंजेलिस −८ वर जातं, फिनिक्स हलत नाही. जुलैत साठवलेल्या −७ वरून यूजर कोणत्या शहराचं घड्याळ पाळतो हे कुणालाच सांगता येणार नाही. आपलं +५:३० सुद्धा एकट्या भारताचं नाही. श्रीलंकेचं घड्याळही तेच आहे, पण २००६ पर्यंत जवळपास दहा वर्षं ते आपल्या पुढे होतं.

याचा फटका कसा बसतो ते बघा. न्यू जर्सीतल्या मुलांचा ऑनलाइन मराठी वर्ग दर शनिवारी रात्री ८:३० ला आहे. शिक्षिका मुंबईत, तिच्याकडे रविवारी पहाटेचे ६. नोंदणी सप्टेंबरात झाली, अ‍ॅपने −४ साठवलं. १ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातील. त्यानंतरही अ‍ॅप −४ धरूनच हिशोब करेल आणि मुलांना वर्गाची सूचना ७:३० च्या वर्गासारखी, म्हणजे एक तास आधी येईल. खरं तर वर्ग ८:३० लाच आहे; बदललीय ती शिक्षिकेची वेळ, तिला आता सकाळी ७ ला बसायचंय. साठवलेल्या ऑफसेटमुळे दोन्हीकडची वेळ चुकते.

त्यात एककांचा घोळ वेगळाच. भारतासाठी अँड्रॉइडचं गेट-रॉ-ऑफसेट १९८००००० देतं, कारण ते मिलिसेकंद आहेत. आयओएस सेकंद देतं, १९८००. जावास्क्रिप्टचं गेट-टाइमझोन-ऑफसेट मिनिटं देतं आणि चिन्ह उलटं, −३३०. शिवाय गेट-रॉ-ऑफसेट उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात तासभर पुढे केलेलं घड्याळ) धरतच नाही: न्यू यॉर्कसाठी जुलैतही −५ तासच येतात. ऑफसेट खरोखर हवाच असेल तर ज्या क्षणाचा हवा तो क्षण देऊन गेट-ऑफसेट वापरा. आणि तो पूर्ण तासांत साठवू नका, नेपाळ +५:४५ वर आहे.

"मग तीन अक्षरं घ्या."

आयएसटी भारताचा, इस्रायलचा आणि आयर्लंडच्या उन्हाळ्याचाही. घ्यायचं ते आयएएनए डेटाबेसमधलं, म्हणजे जगभरच्या झोनच्या प्रमाण यादीतलं, पूर्ण नाव: 'एशिया/कोलकाता', 'अमेरिका/न्यूयॉर्क'. कोटलिनमध्ये झोनआयडी.सिस्टिमडिफॉल्ट().आयडी, किंवा एपीआय २६ (अँड्रॉइड ८) च्या खालच्या फोनवर डिशुगरिंग (जुन्या फोनवर जावाच्या नव्या सोयी आणणारी सेटिंग) चालू केलं नसेल तर टाइमझोन.गेटडिफॉल्ट().आयडी. स्विफ्टमध्ये टाइमझोन.करंट.आयडेंटिफायर. जावास्क्रिप्टमध्ये इंटल.डेटटाइमफॉरमॅट().रिझॉल्व्हडऑप्शन्स().टाइमझोन. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींसाठी) लिहिणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. डेटटाइमचं टाइमझोननेम बहुधा ती तीन अक्षरंच देतं, पूर्ण नावासाठी तिथे प्लगइन लागतं.

नाव परत वाचतानाही एक सापळा आहे. कुणी सर्व्हरवर हाताने 'एशिया/मुंबई' लिहिलं, तर असा झोनच अस्तित्वात नाही. जावाचं जुनं टाइमझोन.गेटटाइमझोन अशा वेळी तक्रार न करता जीएमटी परत करतं आणि सकाळी ९ चं रिमाइंडर दुपारी २:३० ला वाजतं. झोनआयडी.ऑफ तिथल्या तिथे एक्सेप्शन (एरर) टाकतं, स्विफ्ट निल (रिकामं उत्तर) देतं. हेच बरं, चूक निदान दिसते तरी. 'एशिया/कलकत्ता' आणि 'एशिया/कोलकाता' हा एकच झोन आहे आणि क्रोमसारखे काही ब्राउझर जुनं नाव देऊ शकतात, त्यामुळे दोन स्ट्रिंगची थेट तुलना करून "यूजरने झोन बदलला" असं ठरवू नका.

"लोकेलवरून देश, देशावरून झोन."

लोकेल म्हणजे भाषा आणि तारीख-आकडे लिहायची पद्धत. दुबईत राहणाऱ्या माणसाचा फोन 'मराठी (भारत)' वर असू शकतो आणि घड्याळ +४ वर. अमेरिकेसारख्या देशात तर देश कळूनही झोन कळत नाही. लोकेशनची परवानगीही मागू नका. झोनचं नाव परवानगीशिवाय मिळतं.

"एकदा साठवलं की झालं."

माणूस विमानात बसतो आणि झोन बदलतो. अँड्रॉइड त्या वेळी अ‍ॅक्शन-टाइमझोन-चेंज्ड हा ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीची सिस्टिम-सूचना) पाठवतं. अँड्रॉइड ८ नंतर मॅनिफेस्टमधल्या रिसीव्हरवर (बंद असतानाही अशी सूचना ऐकणाऱ्या कोडवर) निर्बंध आले, पण हा ब्रॉडकास्ट त्यांतून वगळलेला आहे. तो पकडून अलार्म पुन्हा लावावे लागतात, कारण अलार्म-मॅनेजरचा आरटीसी अलार्म ठरावीक क्षणाला बांधलेला असतो, भिंतीवरच्या घड्याळाला नाही. आयओएसवर एनएस-सिस्टिम-टाइमझोन-डिड-चेंज ही सूचना आहे, पण अ‍ॅप झोपलेलं असेल तर तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. अ‍ॅप समोर येईल तेव्हा दर वेळी नाव पुन्हा विचारा आणि वेगळं असेल तरच सर्व्हरला कळवा. स्टॅटिक ठेवलेले डेट-फॉरमॅटर जुनाच झोन धरून बसतात, तेही नव्याने बनवा. अँड्रॉइडवर एखाद्या लायब्ररीने टाइमझोन.सेटडिफॉल्टने यूटीसी लावून ठेवलं असेल, तर फोन कोलकात्यावर असूनही तुम्हाला यूटीसीच मिळेल. असं दिसलं तर आधी हे तपासा.

मात्र झोन बदलला म्हणून सगळंच हलवायचं नसतं. रोजच्या पाण्याचं रिमाइंडर फोनमागे जातं. वर्गाची वेळ ज्या गावाला बांधली आहे तिथेच राहते. ही दोन प्रकारची वेळ डेटाबेसमध्ये वेगळी ठेवली नाही तर नंतर कोडने ती ओळखता येत नाही.

"यूटीसीत ठेवलं की प्रश्न मिटला."

घडून गेलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे पेमेंट, लॉग, चॅट यांसाठी हे अगदी बरोबर. पुढच्या वेळांसाठी नाही, कारण सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली, इजिप्तने २०२३ मध्ये ती परत आणली, कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळा देश +५ वर आणला. पुढच्या भेटीसाठी स्थानिक तारीख-वेळ आणि झोनचं नाव असे दोन रकाने ठेवा. यूटीसी त्यावरून काढा आणि टाइमझोन डेटा अपडेट झाला की पुन्हा काढा. अँड्रॉइड १० पासून हा डेटा प्ले सिस्टिम अपडेटमधून येऊ शकतो, जुन्या फोनवर तो शिळा असू शकतो. म्हणून हा हिशोब सर्व्हरवर केलेला चांगला.

टेबलात आधीच नुसते ऑफसेट भरलेले असतील तर त्यावरून झोनची नावं अंदाजाने भरू नका. नवा रकाना रिकामा ठेवा, पुढच्या वेळी अ‍ॅप उघडेल तेव्हा खरं नाव येऊ द्या. तोवर त्या यूजरची पुढची रिमाइंडरं जुन्या ऑफसेटवर चालतील, पण ती तात्पुरती आहेत अशी खूण करून ठेवा. चाचणीसाठी एम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) न्यू यॉर्कवर लावून ८ मार्च २०२६ ची रात्री २:३० ही वेळ द्या. ती वेळ त्या दिवशी अस्तित्वातच नाही, जावाचं झोन्डडेटटाइम ती ३:३० करतं. मग १ नोव्हेंबरची १:३० द्या, ती दोनदा येते आणि जावा पहिली धरतं. तुमच्या अ‍ॅपला दोन्ही ठिकाणी काय हवंय ते ठरवून टेस्टमध्ये लिहून टाका.