अरे, त्या स्टॉपरला बोलू द्या की!

परवा रविवारी पुन्हा तेच. रात्री दहाची मॅच, ऐन थंडीतली, मी इंदूरच्या रामबागेतल्या घरी रजई गुंडाळून टीव्हीसमोर. 38व्या मिनिटाला गोल झाला. गोल कोणी केला ते शेंबड्या पोरालाही दिसतं. मला पाहायचं होतं, झालाच कसा. हाफटाइमला स्टुडिओतल्या माणसाने, जन्मभर स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला डिफेंडर, खेळलेला, आता कोट घालून बसलेला, बरोब्बर गोलच्या सात-आठ सेकंद आधी चित्र थांबवलं. राइट बॅकभोवती, म्हणजे उजव्या कडेच्या डिफेंडरभोवती, पिवळं वर्तुळ काढलं. तोंड उघडलं.

आणि इलायची! वर्ख लावलेली इलायची चघळत कुठलासा हीरो हेलिकॉप्टरातून उतरतोय. मग टायर. मग पंखा. भर थंडीत पंखा, मेल्यांनो! मग पुन्हा तोच हीरो, तेच हेलिकॉप्टर. स्टुडिओ परत दिसला तेव्हा खेळाडू मैदानात आणि शिट्टी रेफरीच्या तोंडात. त्या वर्तुळाचं पुढे काय झालं, देव जाणे.

कारण मलाही कळतं हो. क्रिकेटमध्ये दर ओव्हरनंतर जाहिरात खपवता येते, विकेट पडली की आणखी एक. फुटबॉल एकदा सुरू झाला की 45 मिनिटं श्वास घेत नाही. म्हणजे सगळी दुकानदारी त्या पंधरा मिनिटांत कोंबायची. कोंबा. पण मग त्या माणसाला कोट घालून बसवता कशाला? लग्नात व्याह्यांना पाटावर बसवायचं आणि वाढायच्या वेळी पंगत उठवायची, त्यातली गत.

आमचे दादा म्हणतात, "फुटबॉलात समजावण्यासारखं असतं काय? बॉल आत गेला, संपलं." हेच दादा बॅटची कड लागली की नाही यावर पाऊण तास बोलतात. इंदूर पडलं सी. के. नायडूंचं आणि मुश्ताक अलींचं गाव, इथे पोहेवालासुद्धा पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरता भुरभुरता स्विंग समजावून देतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण मीही तरुणपणी चिमणबागेच्या मैदानावर स्टॉपर खेळलोय. गोल केला की पोरं फॉरवर्डला खांद्यावर घ्यायची आणि गोल खाल्ला की सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळायची. दहा मुव्ह तोडल्या त्या कोणाला आठवायच्या नाहीत. म्हणून मला वाटतं, मॅच सांगावी तर डिफेंडरने. फॉरवर्डला गोल आठवतो, डिफेंडरला त्याच्या आधीची चूक आठवते. झोपेतसुद्धा.

आता तो इंग्लंडचा डिफेंडर जेमी कॅरागर घ्या. लिव्हरपूलसाठी 737 सामने, आणि गोल? एका हाताच्या बोटांवर. 1999 साली मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एकाच मॅचमध्ये दोनदा स्वतःच्याच जाळ्यात बॉल घातला, आणि मॅच गेली 3-2 अशी. 2005 साली चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधल्या फायनलला एसी मिलानने हाफटाइमपर्यंत तीन चढवले होते, तीही मॅच लिव्हरपूलने पेनल्टीवर जिंकली. जादा वेळेत हा गडी पायात गोळे आलेले असताना आडवा पडून बॉल अडवत होता. असा माणूस 2013 साली निवृत्त होऊन स्काय या ब्रिटिश वाहिनीवर जाऊन बसला, शेजारी गॅरी नेव्हिल, म्हणजे जन्माचा वैरी, युनायटेडचा राइट बॅक. दोघं त्या मोठ्या स्क्रीनवर एकेक खेळाडू बोटाने सरकवून दाखवतात की हा दोन पावलं आत असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

संत आहे असं म्हणत नाही मी. 2018 साली गाडीतून शेजारच्या गाडीवर थुंकला, वाहिनीने हंगाम संपेस्तोवर घरी बसवला. इंदूरात असता तर नगर निगमने आधी चलान कापलं असतं, मग बाकीचं. आणि ही मंडळी चुकतातही. ॲलन हॅन्सन, लिव्हरपूलचाच जुना स्टॉपर, 1995 साली टीव्हीवर म्हणाला होता की पोरं घेऊन काही जिंकता येत नाही. युनायटेडच्या त्याच पोरांनी त्या हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही नेले. पण त्याला वाक्य तरी पुरं करू दिलं होतं! वाक्य पुरं झालं म्हणून तर तीस वर्षं लोक त्याला चिडवताहेत.

आमच्यापर्यंत काय येतं? चाळीस सेकंदांची रील. पुतण्या पाठवतो, "काका, तुमचा कॅरागर!" उघडून पाहावं तर कॅरागर आणि नेव्हिल एकमेकांवर खेकसताहेत, वर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारी तोंडं, मागे ढॅण ढॅण संगीत. स्क्रीनवर खेळाडू सरकवायला हात उचलला की रील संपली. ज्याने कोणी कापली त्याला नेमकं तेवढंच नको होतं. भांडण ठेवलं, अक्कल फेकून दिली.

तर परवा तो हेलिकॉप्टरवाला तिसऱ्यांदा उतरायला लागला तेव्हा माझं डोकं फिरलं. टीव्हीचा आवाज बंद केला, पुतण्याला म्हटलं, बस इथे. पोह्यांच्या वाट्या टेबलावरच होत्या. चार वाट्या ओळीत मांडल्या, हे आपले बॅक. जिरावनची बरणी म्हणजे त्यांचा फॉरवर्ड. लिंबाची फोड म्हणजे बॉल. बरणी मागे सरकवली. "बघ, हा खाली आला, स्टॉपर त्याच्या मागे भुलला. इथे खिंडार पडलं. आता राइट बॅकने काय करायला हवं होतं?" पोरगं खरंच पुढे वाकलं. फोन उपडा ठेवला त्याने, शपथेवर सांगतो. बोट लावून ती कडेची वाटी आत सरकवणार, इतक्यात वहिनी आल्या.

"भाऊजी, झालं ना खाऊन?" म्हणत राइट बॅक उचलून घासायला घेऊन गेल्या.