३१ हजार सह्या आणि एक पेंग्विन

हवामान बदलाची खिल्ली उडवणारा एक लांबलचक मजकूर सध्या या हातातून त्या हातात फिरतो आहे. मला तो पाठवणारे गृहस्थ निवृत्त अभियंता आहेत, आयुष्यभर मोजमापांवर जगलेले. त्यामुळे हसून बाजूला सारता येईना. मजकुराचा सारांश असा: हवामान कायमच बदलत आलं आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत जेमतेम ०.०४ टक्के, तो काय डोंबल तापवणार! सत्तरच्या दशकात हेच शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणून ओरडत होते. ३१ हजार शास्त्रज्ञांनी सहीनिशी विरोध नोंदवला आहे, तापमानवाढीला माणूस कारण यावर शास्त्रज्ञांचं ९७ टक्के एकमत ही थाप आहे, विज्ञान मतदानानं ठरत नाही. गॅलिलिओही एकटाच होता. आणि मुख्य तक्रार: शंका घेणाऱ्यांची तोंडं दाबली जातात, चर्चेत दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळालाच पाहिजे.

या सगळ्यात दम आहे तो शेवटच्या तक्रारीत. ती शेवटीच घेतो. आधी बाकीचं निस्तरू.

"हवामान कायमच बदलत आलं आहे."

आलंच आहे. पण हे आपल्याला सांगितलं कोणी? ज्यांना हा मजकूर लबाड ठरवतो, त्यांनीच. अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल भोकं पाडून त्यांनी बर्फाचे दंडगोल वर काढले, त्यात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले आणि ८ लाख वर्षांचा हिशेब मांडला. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० भागांच्या दरम्यान वरखाली होत राहिला. आज तो ४२० च्या पुढे आहे. पूर्वीही माणसं आपोआप मरत होती, तेव्हा आज कुणाचा खून होणं शक्यच नाही, असं म्हणणाऱ्या वकिलाला न्यायाधीश काय म्हणतील?

पूर्वीच्या बदलांना कारणं होती: पृथ्वीच्या कक्षेतले संथ फेरफार, सूर्य, ज्वालामुखी. ती सगळी आजही तपासली जातात. सूर्याचं तेज उपग्रहांवरून १९७८ पासून मोजलं जातंय. ते अकरा वर्षांच्या चक्रात कमीजास्त होतं, पण त्याचा कल वर गेलेला नाही. आणखी एक खूण मला फार आवडते. सूर्य जास्त तापल्यामुळे उष्णता वाढली असती, तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्यावरचा स्थितांबर थंड होतोय. उष्णता खालीच अडकते आहे याची ही निशाणी. स्युकुरो मानाबे यांनी १९६७ मध्ये गणितानं हेच मांडलं होतं, पुढे २०२१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

"जेमतेम ०.०४ टक्के."

हवेचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉनचा आहे आणि उष्णतेच्या किरणांना ते जवळजवळ अडवतच नाहीत. जे अडवतच नाहीत त्यांच्या गर्दीत कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी काढून काय उपयोग? दारावर पहारेकरी किती, ते मोजायचं. गावाची लोकसंख्या नव्हे. आणि हे पहारेकरी औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या २८० वरून ४२० वर गेले आहेत, म्हणजे दीडपट.

हे ज्ञान अलीकडचं असेल असं वाटत असेल, तर युनिस फूट या बाईंचा प्रयोग बघा. साल १८५६. काचेच्या दोन नळ्या, साधारण चार इंच रुंद आणि तीस इंच लांब. प्रत्येकीत दोन तापमापक. वेगवेगळ्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून बाईंनी त्या उन्हात ठेवल्या, मग सावलीत. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि निवायलाही तिला कितीतरी पट वेळ लागला. अशा वायूचं वातावरण असेल तर पृथ्वीचं तापमान वाढेल, असं त्यांनी तिथेच लिहून ठेवलं. नळ्यांच्या प्रयोगाला मर्यादा होत्या. उष्णतेचे किरण वेगळे काढून दाखवण्याचं काम १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी केलं. १८९६ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कागदावर आकडेमोड करून हा वायू दुप्पट झाला तर किती तापेल तेही काढलं. यातल्या कुणाला संशोधनाचं कुठलं अनुदान लाटायचं होतं?

"सत्तरच्या दशकात हिमयुगाची भीती घालत होते."

इथे मजकुरासोबत एक चित्र येतं: 'टाइम' साप्ताहिकाचं मुखपृष्ठ, त्यावर पेंग्विन आणि येत्या हिमयुगातून वाचायचं कसं असा मथळा, साल १९७७. पेंग्विन खरा आहे, मुखपृष्ठही खरं आहे. फक्त ते एप्रिल २००७ चं आहे आणि मूळ मथळा तापमानवाढीतून तगायचं कसं याचा होता! कुणीतरी शब्द बदलले, साल बदललं आणि बिचारा पेंग्विन तीस वर्षं मागे ढकलला गेला. संशयवादी म्हणवणाऱ्या इतक्या लोकांपैकी एकालाही या चित्राचा संशय येऊ नये, याची मला खरंच गंमत वाटते.

आता खरा भाग. १९७५ मध्ये 'न्यूजवीक'नं थंड होणाऱ्या जगावर लेख छापला होता, हे खरं. धुराड्यांतून सुटणारे गंधकाचे कण ऊन अडवतात, त्यामुळे तापमान उतरेल का, यावर काही अभ्यासक गंभीरपणे विचार करत होते, हेही खरं. तो प्रामाणिक प्रश्न होता. पण त्या काळातले शोधनिबंध पुढे तीन संशोधकांनी एकेक करून मोजले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केले. १९६५ ते १९७९ मध्ये थंडावा सांगणारे ७, तापमानवाढ सांगणारे ४४, कुठलीच बाजू न घेणारे २०. तेव्हाही पारडं कुठे झुकलं होतं ते दिसतंच आहे.

"३१ हजार शास्त्रज्ञांच्या सह्या." "९७ टक्के ही थाप." "विज्ञान मतदानानं ठरत नाही."

हे तीन मुद्दे मी मुद्दाम एकत्र ठेवले, कारण मजकुरातही ते एकाच परिच्छेदात आहेत. विज्ञान मतदानानं ठरत नसेल, तर ३१ हजार सह्यांची पेटी कशाला आणली?

ही अमेरिकेतली ऑरेगॉन याचिका, १९९८ साली सुरू झालेली. सह्या ३१,४८७. विज्ञानाशी संबंधित शाखेची साधी पदवी असली की सही करायला मोकळीक. याचिकेच्या चालकांनीच दिलेल्या वर्गवारीत हवामानशास्त्र या सदराखाली नावं किती? ३९.

आता ९७ टक्के. हा आकडा मांडणारा जॉन कुक आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास मजकूर फेटाळतो, कारण 'त्यातल्या दोन-तृतीयांश निबंधांनी पाठिंबाच दिलेला नाही'. आकडा बरोबर, अर्थ वडाची साल पिंपळाला. सुमारे १२ हजार निबंधांचे सारांश वाचले गेले. ६६.४ टक्के सारांशांत कारण कोण याबद्दल शब्दच नव्हता, तर ३२.६ टक्क्यांत माणूस कारण असल्याचं होतं आणि ०.७ टक्क्यांत ते नाकारलं होतं. बोललेल्यांपैकी ९७ टक्के, असा तो हिशेब. न बोललेले सगळे विरोधक धरायचे तर आज ग्रहगोलांवर लिहिताना पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं जे सांगत बसत नाहीत, तेही कोपर्निकसच्या विरोधात गेले म्हणायचे.

एक कबुली मात्र द्यायला हवी. ९७ चा आकडा आमच्या बाजूचे लोक सोट्यासारखा वापरतात, ते मला आवडत नाही. एकमत हा पुरावा नव्हे, पुराव्याचा परिणाम आहे. आणि चुका झालेल्या आहेत. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे वाक्य संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामान समितीच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात होतं. ते निराधार होतं आणि जानेवारी २०१० मध्ये समितीनं चूक मान्य केली. ती चूक दाखवणाऱ्यांत हिमनद्यांचे अभ्यासक स्वतःच होते.

"गॅलिलिओही एकटाच होता."

दुर्बीण त्याच्या हातात होती. गुरूचे चंद्र त्यानं बघितले, नोंदले आणि इतरांना बघा म्हणून सांगितलं. एकटं असणं ही त्याची पात्रता नव्हती.

"शंका घेणाऱ्यांची तोंडं दाबली जातात, दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्या."

शंकेशिवाय विज्ञान चालत नाही, यावर माझं आणि मजकुराच्या लेखकाचं दुमत नाही. म्हणून ज्यांनी खरोखर शंका घेतली त्यांचं काय झालं तेच सांगतो.

जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर हे अमेरिकेतले दोघं तापमानवाढीच्या भाकितांवर टीका करणारे म्हणूनच ओळखले जातात. उपग्रहांच्या नोंदींवरून वातावरणाचं तापमान काढण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १९९० पासून त्यांचे निष्कर्ष 'सायन्स'सारख्या नियतकालिकात आले. तापमान फारसं वाढतच नाही, असं त्यांच्या आकड्यांतून बरीच वर्षं दिसत होतं. हा खराखुरा पेच होता आणि त्याची दखल सगळ्यांनी घेतली. मग १९९८ मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं, की उपग्रह हळूहळू खाली येतात याचा परिणाम धरलेला नाही. २००५ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली. उपग्रह कक्षेतून सरकतो, तशी एखाद्या जागेवरून जाण्याची त्याची वेळही सरकते. दुपारी मोजणारा उपग्रह काही वर्षांनी संध्याकाळकडे मोजू लागला, तर जग थंड होतंय असा भास होणारच. त्यासाठी केलेली दुरुस्ती उलट दिशेनं लागली होती. क्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी चूक मान्य करून आकडे सुधारले. आज त्यांचीच मालिका दर दशकाला साधारण ०.१५ अंश वाढ दाखवते. तोंड कुणी दाबलं? पंधरा वर्षं त्यांना ऐकून घेतलं गेलं, वादही झाले आणि मोजमाप सुधारलं.

दुसरे रिचर्ड मुलर, बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ. तापमापक शहरात आहेत, जुन्या नोंदी निवडून घेतल्या आहेत, अशा रास्त शंका त्यांनी काढल्या आणि २०१० मध्ये सगळ्या नोंदी नव्यानं तपासायला घेतल्या. पैशांत कोळसा-तेलाच्या धंद्याशी जोडलेल्या चार्ल्स कोक प्रतिष्ठानचाही वाटा होता. एका नामांकित संशयवाद्यानं तर आधीच जाहीर केलं, की निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी मानेन. निकाल आला: वाढ खरी आहे. २०१२ मध्ये मुलर यांनी आपलं मत बदलल्याचं वर्तमानपत्रात लिहिलं, कारण माणूसच आहे असंही सांगितलं. तो संशयवादी मात्र निकाल मानायला तयार झाला नाही.

मुलर आणि तो संशयवादी, या दोघांतल्या फरकावर माझं सगळं म्हणणं उभं आहे. जी शंका उत्तर मागते तिला चर्चेत हवा तितका वेळ द्या. जिला उत्तर नकोच आहे, तिला सारखा वेळ देण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. अमेरिकेतल्या चार मोठ्या वर्तमानपत्रांच्या १९८८ ते २००२ मधल्या बातम्या तपासल्या, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक बातम्यांत दोन्ही बाजूंना सारखं वजन दिलेलं आढळलं. शास्त्रज्ञांतलं चित्र तसं नव्हतंच. समतोलाच्या नादात वाचकांना खोटं चित्र मिळालं. २०१८ मध्ये बीबीसीनंही आपल्या पत्रकारांना लेखी कळवलं, की समतोलासाठी नाकारणारा माणूस बोलावण्याची गरज नाही.

संशय पिकवणं हा तर स्वतंत्र धंदा आहे. 'संशय हेच आमचं उत्पादन' हे वाक्य १९६९ मधल्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणातलं. तिथे वाद जिंकण्याची गरजच नव्हती, वाद चालू आहे एवढं लोकांना वाटत राहिलं की पुरे होतं.

खऱ्या वादाला जागा आजही भरपूर आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पृथ्वी किती तापेल? १९७९ मध्ये उत्तर होतं १.५ ते ४.५ अंश. आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या अहवालात ते २.५ ते ४ वर आलं. ढग नेमके कसे वागतील, हे सोडवताना चार दशकं गेली. खर्च कुणी करायचा, अणुऊर्जा हवी की नको, कोळसा किती वर्षांत सोडायचा, यावर तर अभियंता साहेबांनी माझ्याशी रात्रभर भांडावं.

त्यांना मी एवढंच लिहिलं: माझं मत बदलायला काय लागेल ते सांगतो. स्थितांबर खालच्या थराबरोबर तापताना दिसू दे, कार्बन डायऑक्साइड वाढत असताना समुद्रातली उष्णता वीस वर्षं घटत जाऊ दे, किंवा एवढा वायू हवेत सोडूनही पृथ्वी का तापू नये याचं मोजता येणारं कारण कुणीतरी द्या. यातलं एक दाखवा, मी जाहीर माघार घेईन. तुमचं मत कशानं बदलेल?

तीन दिवसांनी उत्तर आलं. पेंग्विन होता.