काडेपेटीवरचं स्टेडियम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तरच द्यायला हवं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर या बास्केटबॉल स्टेडियमवरच्या लेखात मी वर्णभेद उगाच घुसडला, असं तुमचं म्हणणं. तिथले प्रशिक्षक एडी कॅमेरॉननी काडेपेटीवर आराखडा काढला आणि स्टेडियम उभं राहिलं, एवढा इतिहास पुरे. आणि कृष्णवर्णीय वास्तुरचनाकार ज्युलियन एबल तर नकाशे करणाऱ्या फर्मचे पगारी नोकर, श्रेय मालकाचं.

काडेपेटीची गोष्ट मलाही आवडते. 1935 सालची म्हणून ती सांगतात, खरीखोटी कोण जाणे. पण काडेपेटीवर 8,800 प्रेक्षक बसवता येत नाहीत. त्याला नकाशे लागतात, आणि ते आले फिलाडेल्फियाच्या होरेस ट्रंबाउअर यांच्या फर्मकडून. एबल तिथे 1909 पासून मुख्य डिझायनर. आता मालकाचं बघू. ट्रंबाउअर 1938 मध्येच वारले. स्टेडियमचं उद्घाटन झालं 6 जानेवारी 1940 ला (पहिला सामना: ड्यूक 36, प्रिन्स्टन 27). मालकामागे फर्म चालवणाऱ्या दोघांपैकी एक एबलच होते. मग श्रेय द्यायचं कुणाला?

या इमारतीची खरी गंमत तिच्या आटोपशीरपणात आहे. बाहेरून दगडी, जवळच्याच खाणीतला दगड. नवख्याला वाचनालय वाटावं. आत विद्यार्थ्यांचे बाक थेट कोर्टाला खेटून. पाहुण्या संघाचा खेळाडू सीमारेषेवरून चेंडू आत द्यायला उभा राहिला, की तोंडाला निळा रंग फासलेल्या पोरांचे हात त्याच्या अगदी पाठीशी वळवळत असतात. या जवळिकीचं कौतुक तुम्हीही केलंत.

ही वास्तू ज्याने रेखाटली, त्याच्या वर्णाच्या मुलांना ड्यूकमध्ये पदवीच्या वर्गात प्रवेश मिळाला 1963 साली. एबल 1950 मध्येच गेले होते. हे मी घुसडलेलं नाही, त्याच इमारतीच्या तारखा आहेत.

आणि हे एबल यांचं काम आहे, हे तिथल्या लोकांनाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. 1986 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी कॅम्पसवर झोपड्या उभारल्या. त्या झोपड्यांमुळे परिसराची शोभा जाते, अशी तक्रार विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात छापून आली. एबल यांच्या घराण्यातली एक मुलगी तेव्हा तिथेच शिकत होती. तिने जाहीर उत्तर दिलं, की ही शोभा ज्याने रेखाटली, तो स्वतःच या देशातल्या वर्णभेदाचा बळी होता. त्यानंतर कुठे एबल यांच्याबद्दल उघड बोललं जाऊ लागलं; मुख्य चौकाला त्यांचं नाव मिळायला मात्र 2016 उजाडलं.

कॅमेरॉनवर माझा राग नाही. 1929 ते 1942 संघ त्यांनी घडवला. 22 जानेवारी 1972 ला स्टेडियमला त्यांचं नाव दिलं, त्याच दिवशी ड्यूकने नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संघाला 76-74 असं हरवलं. ते नाव बदला, असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. पुन्हा एकदा वाचून बघा.