साडेतीन टनांचा संसार

गाडी दारात आली त्या दिवशी सासूबाईंनी चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं, बॉनेटला हार घातला आणि नारळ फोडायला दगड शोधू लागल्या. इंग्लंडमधल्या रेडिंग गावात दगड सहजासहजी मिळत नाही, म्हणून शेवटी फुटपाथच्या कडेवर आपटला. शेजारचे आजोबा पडद्याआडून बघत होते. लिंबं चिरडत गाडी आत घेतली तसे बाहेर आले, कपाळावरचं कुंकू बघितलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एकच प्रश्न विचारला, "वजन किती भरतं?"

मला वाटलं, माझं विचारतायत.

मोटारहोम म्हणजे पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारी गाडी, हे मला ठाऊक होतं. बिऱ्हाडाला मर्यादा असते, हे त्या दिवशी कळलं. इथला कायदा असा, की १ जानेवारी १९९७ च्या आधी ज्यांनी साध्या मोटारीची परीक्षा दिली त्यांना साडेसात टनांपर्यंतची गाडी हाकता येते. नंतरच्यांना साडेतीन टन, म्हणजे ३,५०० किलो, माणसं आणि सामान धरून. आजोबांनी परीक्षा १९६८ साली दिलेली. १९९६ साली मी सांगलीत अकरावी नापास होण्यात गुंतलो होतो, त्यामुळे ती संधी गेली.

गाडीच्या कागदांत रिकामं वजन ३,०६० लिहिलं होतं. उरले ४४० किलो. आकडा ऐकून बायकोचा चेहरा असा उजळला, की लग्नातही तसा उजळला नव्हता. "अरे, विमानात तेवीस किलोत मी अख्खं स्वयंपाकघर बसवते. चारशे चाळीस म्हणजे काय, चैन आहे!"

चैन दोन दिवस टिकली. आजोबांनी "अत्यावश्यक" वस्तूंची यादी दिली आणि आम्ही रोज संध्याकाळी सामान आणत गेलो. वीज घ्यायची पंचवीस मीटरची नारिंगी केबल. पाणी भरायचा वेगळा पाइप, पिण्याच्या पाण्याला चालणारा, कारण बागेतल्या पाइपचं पाणी रबराच्या चवीचं लागतं. सांडपाण्याची बादली. चाकाखाली ठेवायचे पिवळे प्लॅस्टिकचे उतार. चिखलात चाक रुतलं तर घालायच्या जाळ्या. आगीचं ब्लँकेट, अग्निशामक नळकांडं, कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा. रबरी हातोडा. (हा कशाला, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही, पण प्रत्येक मोटारहोमवाल्याकडे असतो आणि तो अभिमानाने दाखवतो.) गॅसचं तर वेगळंच शास्त्र. निळं नळकांडं ब्यूटेनचं, लाल प्रोपेनचं. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं, म्हणजे नेमकी चहाची तलफ यावी तेव्हा संप. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत इमाने इतबारे जळतं. म्हणून लाल घेतलं. "सहा किलो" असं त्यावर लिहिलेलं असतं ते फक्त आतल्या गॅसचं. लोखंडासकट उचललं तेव्हा माझी पाठ म्हणाली, दुपटीच्या वर आहे. आणि अशी दोन, कारण एक संपलं तर?

ही झाली माझी बाजू. बायकोच्या बाजूला पाच लिटरचा कुकर, बिडाचा तवा, पोळपाट-लाटणं, मिक्सर, मिसळणाचा डबा आणि नारळाची खवणी. सासूबाईंचं मोजकंच: एक पितळी तांब्या, बाळकृष्ण आणि सहा लिंबं. बाळकृष्ण भरीव पितळेचा. लेक कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती, तिने त्याला लगेज तोलायच्या काट्याला लावायचं म्हणताच सासूबाई कडाडल्या, "देवाचं वजन धरत नसतात!" तो रकाना रिकामा राहिला.

माणसांचा रकाना त्याहून नाजूक. गाडीच्या रिकाम्या वजनात चालक आधीच धरलेला असतो, पंचाहत्तर किलोंचा. युरोपातल्या कुठल्याशा कचेरीत हा आदर्श पुरुष ठरवला गेला. मी एकोणनव्वद. म्हणजे मी चौदा किलोंचं जादा सामान. बाकी तिघींचे आकडे इथे लिहिणार नाही, लग्नाला सतरा वर्षं झाली आहेत.

शेवटी आजोबा म्हणाले, बोटांवर मोजू नका, काट्यावर घाला. गावाबाहेर एका भंगारच्या यार्डात गाड्यांचा वजनकाटा आहे, पैसे देऊन कुणालाही वापरता येतो. टाकी पाण्याने भरून, सामानासकट, सगळे आत बसून निघालो. आमच्या पुढे पत्र्याने भरलेला ट्रक होता. त्याच्या मागे नंबर लावून उभा राहिलो आणि तीस वर्षं गळून पडली. काकांच्या ट्रॅक्टरवर, उसाच्या मोळ्यांवर बसून कारखान्याच्या काट्यापुढे मी असाच रात्र-रात्र उभा राहिलोय. काकांची सगळी हयात काट्यावर भांडण्यात गेली. टनाला पाच-दहा किलो मारतात, हे ते मरेपर्यंत म्हणत होते. आणि मी, त्यांचा सख्खा पुतण्या, स्टीअरिंगवर डोकं टेकून मनात म्हणत होतो, बाबा रे, मार. थोडा मार काटा.

खिडकीतल्या माणसाने चिठ्ठी दिली. ३,६४०.

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर सगळं सामान अंगणात काढलं, भाऊबंदकीत वाटणीला काढतात तसं. आधी पाणी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो; आणि मुक्कामाच्या जागी नळ असतोच, मग ते कशाला रस्ताभर फिरवायचं? वीस लिटर ठेवलं, ऐंशी किलो गेले. हे एक शहाणपण मात्र मी आता जो भेटेल त्याला सांगतो. मग दोन सायकली आणि त्यांचा मागचा सांगाडा, पंचेचाळीस. दुसरं गॅसचं नळकांडं. माझी अवजारांची पेटी. माझ्या खुर्च्या, माझी गिटार. वाचणारांच्या ध्यानात आलंच असेल, की वाटणी कशी चालली होती. कुकरकडे मी नुसतं पाहिलं. बायको म्हणाली, "हात लावून बघ."

दुसऱ्या खेपेला ३,४८०. वीस किलो शिल्लक. बायको म्हणाली, "मग जाता जाता तांदळाची वीस किलोची गोणी घ्यायची का?"

पहिला मुक्काम जवळच, न्यू फॉरेस्टमध्ये. तिथे अर्धरानटी घोडी मोकाट हिंडतात, रस्त्यात आडवी उभी राहतात आणि हॉर्न दिला तर आपल्याकडे सासूबाईंच्या नजरेने बघतात. वाटेत एका पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटर दहा उंचीवर आडवा दांडा होता आणि आमची गाडी दोन मीटर नव्वद, हे मला दांड्यापासून वीतभर अंतरावर आठवलं. मागच्या रांगेने माझं काय कौतुक केलं ते सोडून देतो.

पोचल्यावर केबल काढली. विजेचा खांब सव्वीस मीटरवर. गाडी उलटी करून लावली. केबल पुरी उलगडायची असते, गुंडाळी तशीच ठेवली तर तापून वितळते, म्हणून उरलेली केबल गाडीखाली अजगरासारखी सोडून दिली. बायकोने घरची किटली लावली आणि तिघांचा अंधार झाला, कारण त्या खांबावर आणखी दोन गाड्या होत्या. खांबाला दहा अँपिअर, म्हणजे जेमतेम २,३०० वॅट. आमची किटली ३,००० ची. राखणदार येऊन खटका वर करून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात त्याची स्वतःची छोटी किटली होती.

मग फ्रिज. या गाड्यांतल्या पुष्कळशा फ्रिजांत पंप नसतो, आतला द्रव आपल्या वजनाने खाली उतरत फिरतो, त्यामुळे गाडी कलती असली की तो रुसतो. गाडी समतल करायची तर लेव्हल हवी. लेव्हल अवजारांच्या पेटीत. पेटी रेडिंगला.

"अहो, लिंबू ठेवून बघा की ओट्यावर," सासूबाई म्हणाल्या.

लिंबू ठेवलं. ते मोरीकडे धावलं. डाव्या चाकाखाली पिवळा उतार घातला, गाडी चढवली. लिंबू विचार करून दाराकडे निघालं. एक पायरी खाली घेतली. लिंबू ओट्याच्या मधोमध थरथरलं आणि थांबलं. सासूबाईंनी त्याला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी संडासाचा लाल दिवा लागला. या गाड्यांत संडासाखाली चाकं लावलेली पेटी असते, अठरा-वीस लिटरची, आत निळं औषध घातलेलं. ती भरली, की बॅगेसारखी ओढत एका ठरावीक जागी नेऊन रिकामी करायची. तिथे माझ्यासारखेच चार पुरुष आपापली बॅग घेऊन उभे होते, विमानतळावर उभे राहतात तसे, फक्त गप्पा कमी. पुढच्याने विचारलं, कधी आलात? म्हटलं, काल. त्याने माझ्या पेटीकडे आणि मग माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं, की मला तांब्याबद्दल सांगावंसं वाटलं. पण इंग्रजीत ते कसं सांगायचं? ते लोक कागदावर भागवतात, त्यांची पेटी तीन-चार दिवस पुरते. आमच्याकडे माणशी एक तांब्या.

परतलो तर शेजारच्या गाडीतले गृहस्थ गवतात गुडघे टेकून चाकाखाली बघत होते आणि सासूबाई त्यांच्या बायकोला खुणांनी काहीतरी समजावत होत्या. थोड्या वेळाने हात पदराला पुसत आल्या. "त्यांची पण कलतीच होती. दिलं बाई एक लिंबू. अजून चार आहेत."

संध्याकाळी ते दोघं खुर्च्या टाकून बाहेर बसले होते. मला पाहून त्यांनी ग्लास उंचावले. जिन होती, आणि दोन्ही ग्लासांच्या कडेला लिंबाची एकेक चकती खोचलेली. सासूबाईंना मी काही बोललो नाही.